चपला काढायच्या आधी

श्रावण उतरणीला लागला की माझा फोन वाजायला लागतो. वर्षभर ज्यांना मी आठवत नाही, त्यांनाही आठवतो. "वायरमन, रविवारी ये की, माळा लावायच्यात." "दारावर ती पळणारी लाइट पायजे, गेल्या वर्साला समोरच्यांनी लावलेली." "मखरात निळा फोकस सोड." सगळ्यांना उजेड हवा असतो. मी ऐकून घेतो आणि विचारतो, "घराचं अर्थिंग बघितलंय का कधी?" मग उत्तर येतं, "ते नंतर बघू रं. आधी माळा."

हा 'नंतर' गेली काही वर्षं माझ्या डोक्यात बसलाय. गणपती झाल्यावर दसरा, दसऱ्यानंतर दिवाळी, दिवाळीनंतर लग्नं. उजेडाला मुहूर्त असतात. गळणारा करंट जमिनीत नेऊन सोडणाऱ्या त्या एका हिरव्या वायरीला कुठलाच मुहूर्त नसतो.

बेळगावातला पाऊस भाद्रपदात दमलेला असतो, पण भिंतींमधून तो गेलेला नसतो. खासबाग, वडगाव, शहापूरच्या बोळांतली घरं एकमेकांना खांदा लावून उभी आहेत. एकाची भिंत भिजली की दुसऱ्याचीही भिजते. मी घरात शिरलो की आधी तळहात भिंतीवर ठेवतो. गार, किंचित चिकट, खाली पोपडे सुटलेली भिंत. नंतर नाक. ओल्या चुन्याचा वास, बुरशीचा वास, आणि त्यांच्यामागे दडलेला जळक्या स्विचचा वास, सुकट कुठंतरी विसरून गेल्यासारखा. घरातल्या बायका म्हणतात, "उंदीर मेलाय वाटतं." मी बोर्ड उघडतो. आत टर्मिनलला चिकटून वाळलेली पाल असते, मुंग्यांनी घातलेलं मातीचं घर असतं, ओलीनं फुगलेली, स्क्रू धरायची लाकडी गिट्टी असते, आणि एके काळी लाल असलेली, आता काळी पडलेली एक वायर.

मग टेस्टर. टेस्टरच्या पोटातला तो इवलासा तांबूस दिवा जिथं लागायला हवा तिथं लागला की बरं वाटतं. जिथं लागायला नको तिथं लागला की मी पुन्हा एकदा टेकवून खात्री करतो. भिंतीवर, नळावर, फ्रिजच्या दारावर, मागाच्या लोखंडी सांगाड्यावर मी तो टेकवून बघतो आणि तो लागतो. घरातल्यांना मजा वाटते. पोरं म्हणतात, "बघ, बघ, भिंतीत पण लाइट हाय!" मोठी माणसंही हसतात. मला ओरडावंसं वाटतं.

ओरडणं माझ्या घराण्यात आहे. आमच्या घरात कॉटखाली ट्रंका नव्हत्या, पत्रकांचे गठ्ठे होते. माझे बाबा सीमाभागातल्या प्रत्येक सभेची, मोर्चाची, निषेधाची पत्रकं वाटत. मी बाराखडी शाळेत शिकलो असेन, पण वाचायला शिकलो ते 'बंधू-भगिनींनो' आणि 'जाहीर निषेध' यांवर. पत्रकांची मागची बाजू कोरी असायची. तिथं मी गणितं केली आणि आयटीआयला गेल्यावर जिन्याच्या लाइटचं सर्किट काढलं. एका बाजूला हक्क, दुसऱ्या बाजूला फेज आणि न्यूट्रल. या दोन्ही बाजू एकाच कागदाच्या आहेत, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं. अजूनही वाटतं. म्हणून तर चीड येते.

कडोलीत एका नव्या बंगल्याचं काम केलं होतं. शेतकरी घर, धाकटा मुलगा शहरात चांगल्या नोकरीला. स्विचच्या पट्ट्या भिंतीच्या रंगाला जुळाव्यात म्हणून त्यानं मला बेळगावच्या बाजारात इतक्या चकरा मारायला लावल्या की दुकानदार मला चहा पाजायला लागला. झुंबर टांगलं, जिन्याच्या पायऱ्यांखाली दिवे लावले. अर्थिंगच्या खड्ड्यासाठी अंगणात जागा मागितली, तर म्हणाला, "तिथं लॉन करायचाय." गुंजीकडं एका घरात तर सॉकेटमधलं अर्थिंगच्या तिसऱ्या पिनेचं भोक लाकडी पाचर ठोकून बंद केलेलं बघितलं. विचारलं तर म्हातारी म्हणाली, "त्यातनं मुंग्या येत्यात." कुणाकुणावर चिडायचं?

पण हा हंगाम आला की मला आठवतं ते खासबागेतल्या शांताआक्काचं घर.

आक्काच्या घरी यंत्रमाग आहे. पुढच्या खोलीत माग, मागं स्वयंपाकाची खोली, तिला लागून न्हाणी, संपलं घर. माग सुरू असताना त्या खोलीत बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. धोटा इकडून तिकडं आपटतो, जमीन थरथरते, कपाटातल्या वाट्या किणकिणतात आणि हवेत सुताचा बारीक कापूस तरंगत राहतो. तो केसांवर बसतो, चहावर बसतो, मागाच्या मोटारीच्या, वायरी जोडायच्या डबीत जाऊन ओल धरून बसतो. नवरा महादेवअण्णा सूत आणायचं, साड्या पोचवायचं बघतो. माग चालवते आक्का. सासरे आप्पा कोपऱ्यात पोत्यावर बसून सुताच्या कांड्या भरतात.

त्या वर्षी पाऊस हटायलाच तयार नव्हता. गणपतीला आठवडा उरला असताना आक्कानं मला माळा लावायला बोलावलं. मी आत शिरलो तेव्हा ती मागापाशी उभी होती. नऊवारीचा काठ वर खोचलेला आणि पायात जाड रबरी चप्पल. घरात चप्पल? आमच्याकडं घरात चप्पल म्हणजे आजारी माणूस. मी टेस्टर मागाच्या सांगाड्याला लावला. लागला. भिंतीला लावला. लागला.

"आक्का, माग करंट मारतोय."

"मारतोय की. झिणझिण्या येत्यात नुसत्या. म्हणून तर चप्पल घातलीया. समद्या गल्लीत पावसाळ्यात घालत्यात."

"आणि गणपती बसल्यावर?"

आक्कानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी देवळात बिडी पेटवली. "गणपतीम्होरं चप्पल घालून उभारू व्हय रं? बाच्या पत्रकांनी तुझं डोस्कं फिरलंय."

तेव्हा मला सगळं चित्र दिसलं. गणपती बसणार पुढच्या खोलीत, मागाच्या शेजारी, कारण दुसरी जागाच नाही. देव बसला की खोलीत चप्पल चालणार नाही. आणि माग तर बंद राहणार नाही. गौरी-गणपतीपासून दिवाळीपर्यंतच साड्यांना मागणी. म्हणजे विसर्जनापर्यंत ही बाई ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून करंट मारणारा माग चालवणार. गल्लीतल्या सगळ्या बायका तेच करणार. आणि दारावर माझ्या माळा पळत राहणार.

"माग बंद ठेव मग," मी म्हणालो.

"दसऱ्याच्या साड्या कोण इनंल? तू?"

"देव आतल्या खोलीत बसवा."

"न्हाणीम्होरं बसवू देव?"

हिरवी वायर शोधली. ती होती. मागापासून निघून भिंतीतून जुन्या नळापर्यंत गेलेली, नळाला नीट गुंडाळलेली. पूर्वी या बोळात अर्थिंग म्हणजे नळ. लोखंडी पाइप जमिनीत खोल गेलेला, बारा महिने ओला, त्याहून चांगलं काय? ज्यानं कुणी ते बांधलं त्यानं त्याच्या काळात बरोबर केलं होतं. मग गल्लीत पाण्याची नवी लाइन आली, लोखंडी पाइप निघाले, प्लास्टिकचे बसले. पाणी जोरात आलं. बायकांनी नळाला हळदकुंकू लावलं. आणि त्याच दिवशी अख्ख्या गल्लीचं अर्थिंग गेलं. कुणाला कळलं नाही, कारण नळ दिसायला नळच होता आणि वायर अजून त्याला बांधलेलीच होती.

मी त्या दिवशी माळा लावल्या नाहीत. आधी करंट गळला की आपोआप बंद पडणारं बटण बसवलं. दुसऱ्या दिवशी महादेवअण्णाचा फोन.

"रवी, तू बटन बशीवलंस आन माझा माग बसला. घटकाघटकाला पडतंय."

"अण्णा, ते पडतंय म्हणजे करंट गळतोय."

"गळू दे की! छप्पर गळतंय, नळ गळतोय, त्यात करंट गळला तर काय आभाळ कोसळलं?"

मी जाऊन बघतो तो दुसऱ्या कुणाकडून तरी तार जोडून बटणाला वळसा घातलेला. माग धडधडत होता. आक्का चपला घालून उभी होती आणि माझ्याकडं बघत नव्हती. मी मेन स्विच पाडला. खोलीत एकदम शांतता झाली. असल्या शांततेत मला नेहमी भाषण सुचतं, आणि मी ते केलं. मी कामगाराच्या जिवाची किंमत काढली, बाईच्या जिवाची काढली, बाबांच्या पत्रकांतलं कुठलंकुठलं वाक्य मध्ये घातलं. अण्णानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "खड्डा कुठं काढायचा ते सांग. तू म्हणशील तिथं काढतो. पुढं बोळात सिमेंट. मागचा परसू परशरामाच्या वाटणीला. सांग."

त्याचं खरं होतं. चांगल्या अर्थिंगला माती लागते. या घरांना दार आहे, छप्पर आहे, देव आहे, माग आहे, माती नाही.

परशराम म्हणजे अण्णाचा चुलतभाऊ, शेजारच्या दारात राहणारा. वाटणीत मागचा परसू त्याला गेला. तिथं एक पेरूचं झाड, मोडकी सायकल आणि भरपूर काळी ओली माती. मी त्याच्याकडं गेलो. कोपऱ्यात हातभर जागा मागितली.

"आज पाइप पुराल, उद्या भिंत घालाल," तो म्हणाला.

"अहो, माणूस मरंल."

"आजवर कोण मेलंय?"

मी पुन्हा बोलायला लागलो. आवाज चढला. तो शांतपणे पेरू चिरत होता. म्हणाला, "अगदी बासारखं बोलतोस बघ. तुझा बा पण हितंच उभारून बोलायचा. काय झालं बोलून?"

मी परत आक्काच्या घरात येऊन मागाशेजारी जमिनीवर बसलो. आक्कानं चहा आणून पुढं ठेवला.

आप्पा कोपऱ्यात कांड्या भरत होते. माग बंद होता म्हणून त्यांच्या चरख्याची कुरकुर ऐकू येत होती. ती थांबली.

"खड्डाच पायजे न्हवं?" ते म्हणाले. "खड्डा हाय की."

"कुठं?"

त्यांनी हातातली कांडी मागाच्या बाजूच्या फरशीकडं रोखली. "हितं. माझा."

यंत्रमाग यायच्या आधी त्या जागी हातमाग होता, खड्ड्याचा. विणकर जमिनीवर बसायचा आणि पाय खाली खड्ड्यात सोडून पावड्या दाबायचा. आप्पांचं सगळं तारुण्य त्या खड्ड्यात पाय सोडून गेलं. यंत्र आलं तेव्हा खड्डा भरून वर शहाबादी फरशी घातली.

"आप्पा, फरशी फोडाय लागंल," अण्णा म्हणाला. "गणपती तोंडावर आलाय."

"मीच घातलीया फरशी. मीच सांगतोय, फोड." आणि मग माझ्याकडं वळून, जरा चिडूनच, "एवढं वरडत हुतास, आधी इचारायचं न्हाय व्हय? समद्या गावाला इचारलंस."

फरशी निघाली. खाली भराव. विटांचे तुकडे, कुजलेली सुतळी, मोडक्या पावडीचं एक फळकुट. आप्पांनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि पोत्याखाली सरकवलं. भरावाखाली खरी जमीन लागली तेव्हा मातीचा रंग बदलला. काळी, थंड, पहारीला चिकटणारी. आम्ही आणखी खाली गेलो. नियमाप्रमाणं अर्थिंग घरापासून लांब हवं हे मला माहीत आहे. नियम लिहिणाऱ्यानं बहुधा अंगण धरून लिहिलं असणार. पाइप उतरवला, भोवती कोळसा आणि खडेमीठ थराथरानं घातलं. आक्का डोकावून म्हणाली, "बया! आमटीत चिमूटभर ज्यादा पडलं तर ताट ढकलतोय माणूस, आन हितं पोतं वततोय."

आता टेस्ट लॅम्प. होल्डरमध्ये साधा पिवळा बल्ब आणि त्याच्या दोन वायरी. एक फेजला लावायची, दुसरी नव्या पाइपाला. माती चांगली असली तर बल्ब पूर्ण लागतो. मी वायर टेकवली. बल्बातली तार नुसती लाल झाली, विझत आलेल्या उदबत्तीसारखी.

"एवढाच?" अण्णा म्हणाला. "हेच्यासाठी फरशी फोडली?"

"पाणी घाल," आप्पा म्हणाले.

आक्कानं घागर आणून पाइपाच्या तोंडात ओतली. मीठ-कोळशातून पाणी बुडबुडत खाली गेलं. मी पुन्हा वायर टेकवली. तार पिवळी झाली. दुसरी घागर ओतली आणि बल्ब भरून आला. खोलीभर पिवळा उजेड पडला, मागाच्या ताण्यावर, अर्धवट विणलेल्या जांभळ्या साडीवर, आप्पांच्या सुरकुतल्या पायांवर. त्या हंगामात त्या घरात लागलेला पहिला दिवा मातीतून लागला होता. मी वायर लगेच काढायची ती जरा वेळानं काढली.

मग मोटारीची डबी उघडली. आत ओल्या कापसाचा लगदा. ती साफ केली, सुकवली, वायर बदलली. वळसा घातलेली तार कापून खिशात टाकली. सांगाडा नव्या पाइपाला जोडला, बटण वर केलं, माग सुरू केला. बटण पडलं नाही. टेस्टर सगळीकडं लावून बघितला, कुठंही लागला नाही. तेव्हा आक्काला म्हणालो, "आता बघ."

तिनं चपला काढल्या. उंबऱ्यापाशी नेऊन ठेवल्या. अनवाणी येऊन मागापुढं उभी राहिली आणि पालथा हात सांगाड्याला लावला, करंट असला तर मूठ आवळून अडकू नये म्हणून मी शिकवलं होतं तसा. डोळे मिटलेले. मग उघडले.

"काईच न्हाय रं," ती म्हणाली. आणि मग, "पाय किती हलकं लागत्यात."

त्या आनंदात मी मूर्खपणा केला. माझ्या रक्तात जे आहे तेच केलं. पत्रक छापलं. 'चपला काढायच्या आधी' असा मथळा. तुमच्या नळाचं लोखंड गेलं, अर्थिंग गेलं, देवापुढं अनवाणी उभं राहण्याआधी तपासून घ्या, असा सरळ मजकूर. 'बंधू-भगिनींनो'सुद्धा घातलं. गल्लीत घरोघर वाटलं. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. "वायरमन, पत्रक बघितलं. माळा लावायला काय घेतोस?" त्यांना ती माझी जाहिरात वाटली होती. चतुर्थीच्या संध्याकाळी एका घरात मला खोबऱ्याची खिरापत माझ्याच पत्रकाच्या पुडीत मिळाली. मी घरी येऊन आदळआपट केली. बाबा खुर्चीत बसून सुपारी कातरत होते. म्हणाले, "परत छाप." एवढंच. मला त्या दोन शब्दांचाही राग आला.

तेव्हापासून गणपतीच्या दिवसांत संध्याकाळी मी त्या बोळातून जातो तेव्हा दुसरं काही दिसत नाही. माळा दिसत नाहीत, रांगोळ्या दिसत नाहीत. प्रत्येक दाराबाहेर रबरी चपलांचा ढीग दिसतो. इतरांना तो भक्तीचा ढीग वाटतो. मला माहीत असतं की आत ओल्या फरशीवर उघडे पाय आहेत आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर माग आहे. लोक आरतीला बोलावतात. मी पायरीवर उभा राहून टाळ्या वाजवतो, चप्पल काढत नाही, आत जात नाही. म्हातारे म्हणतात, "पत्रकवाल्याचं पोरगं. देव मानत न्हाय." मी मानतो की नाही हा प्रश्नच नाही. मी फरशी मानत नाही.

फक्त आक्काच्या घरी चपला काढून आत जातो.

गेल्या वर्षी परशरामाच्या दारात असाच उभा होतो. आरती सुरू व्हायची होती. परशरामाच्या बायकोनं ताट उचललं होतं. एवढ्यात शांताआक्का आली, माझ्या शेजारी पायरीवर चढली आणि तिथंच थांबली. पायात चप्पल तशीच.

"ये की गं आत," परशरामाची बायको म्हणाली.

"नको. हितनंच घेते दर्शन."

"का गं? सुतक-बितक हाय का?"

"सुतक न्हाय," आक्का म्हणाली, आत बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, मागाशेजारी बोलायची सवय असलेल्या बाईच्या आवाजात. "तुमच्यात अर्थिंग न्हाय."

आत कुजबुज झाली. परशराम म्हणाला, "देवाच्या दारात काय हे शांता?" आक्का म्हणाली, "भावजी, देव लाकडी पाटावर हाय. तुमची बायको फरशीवर हाय." मग आरती सुरू झाली. आम्ही दोघं पायरीवर चपला घालून टाळ्या वाजवत राहिलो. दुसऱ्या दिवशी आक्का पुन्हा तिथंच उभी होती. तिसऱ्या दिवशी तिच्याबरोबर कोपऱ्यावरची आणखी एक बाई.

या वर्षीचा श्रावण आता उतरणीला लागलाय. काल परशरामाचा फोन आला. मी सवयीनं विचारलं, "अर्थिंग?" मी 'नंतर' ऐकायच्या तयारीत होतो.

"परसात कुठं खोदायचं ते येऊन दाव," तो म्हणाला. "ती शांता आन त्या बाया यंदा पण पायरीवरच उभारतील. चार पाव्हणं येत्यात घरात. बरं दिसत न्हाय."

बरं दिसत नाही! माणूस मरेल म्हणून घसा कोरडा केला, पत्रकं छापली, त्यानं पेरू चिरला. आणि आता बरं दिसत नाही म्हणून तोच परसू उघडा. माझ्या ओठावर अख्खं भाषण आलं होतं. ते गिळलं. फोन कानाशी धरूनच दुसऱ्या हातानं पहार गाडीला बांधायला घेतली.

"आन माळा?" त्यानं विचारलं.

"नंतर बघू," मी म्हणालो.